क्रिस्तीन लाव्रान्सदात्तर वाचलंय का कोणी? (शोक, ख्रिस्ती मध्ययुग आणि एक अंगठी)

ओसरी
सोमवार, रात्री ११.५२

आप्पांना जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. वर्षभर काय केलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हे, की चौदाव्या शतकातल्या नॉर्वेत राहिले. नोकरी केली, डबे भरले, बँकेत वारसाचे कागद देऊन आले, पण मुक्काम तिकडे.

पुस्तक आहे 'क्रिस्तीन लाव्रान्सदात्तर', लेखिका सिग्रिद उंडसेट. तीन भाग, १९२०, १९२१ आणि १९२२ असे ओळीने आलेले. १९२८ चं साहित्याचं नोबेल तिला मुख्यतः उत्तरेकडच्या मध्ययुगीन जीवनाच्या चित्रणासाठी मिळालं. मी इंग्रजीतून वाचलं, टीना नुनली यांचा अनुवाद, तिन्ही भाग एका ठोकळ्यात. अकराशेच्या वर पानं. मांडीवर उशी घेऊन वाचावं लागतं. झोपून वाचलं तर नाकावर पडतं (पडलंय).

मैत्रिणीने हातात देताना सांगितलं, "ख्रिस्ती कादंबरी आहे, दुःखावरची आहे, वाच, शांत वाटेल." तिन्ही गोष्टींची मला धास्ती. तोपर्यंत 'शांत वाटेल' म्हणून लोकांनी दिलेल्या वस्तूंचा कपाटात ढीग झाला होता. दोन पोथ्या, प्रवचनांचा पेनड्राइव्ह, शिवाय फोनवर रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर एक सुविचार. 'सुटले हो', 'सोनं झालं' हे वेगळंच. आप्पांचं सोनं झालेलं मला नको होतं. मला ते खुर्चीत बसून पेपरची घडी चुकीची घालणारे हवे होते.

गोष्ट थोडक्यात. गुडब्रान्सदाल नावाच्या खोऱ्यात योरुंडगार्ड हे मोठं शेत. शेत म्हणजे वाडा, गोठे, कुळं सगळं आलं. तिथल्या लाव्रान्सची थोरली लेक क्रिस्तीन. बापाची लाडकी, त्याच्या घोड्यावर पुढे बसून डोंगर हिंडणारी. सिमोन नावाच्या चांगल्या मुलाशी ठरलेलं असतं. मध्ये काही दिवस तिला ऑस्लोच्या मठात ठेवतात आणि तिथे ती एरलेंडच्या प्रेमात पडते. देखणा, घरंदाज, बेजबाबदार, आधीच एका बाईपासून दोन मुलं असलेला. क्रिस्तीन हट्टाने त्याच्याशीच लग्न करते. डोक्यावर कुमारिकेचा सोन्याचा मुकुट आणि पोटात मूल, अशी बोहल्यावर उभी राहते.

इथे मला वाटलं, आता लेखिका पोरीला शिक्षा करणार. ती करत नाही. नुसती तिच्या मागेमागे चालत राहते, क्रिस्तीन मरेपर्यंत.

मला धरून ठेवलं ते मात्र क्रिस्तीनने नाही, तिच्या आईने. राग्नफ्रीद. क्रिस्तीनच्या आधी तिचे तीन मुलगे पाळण्यातच गेलेत. ती घुमी झालीय. लोकांत मिसळत नाही, सणाला हसत नाही, आणि छोट्या क्रिस्तीनला वाटतं आईला आपण आवडत नाही. पुढे धाकटी उल्विल्ड लाकडाच्या ओंडक्यांखाली सापडून अधू होते. त्यानंतरही घरात बिअर गाळायची असते, गवत कापायचं असतं, वासरं बघायची असतात. शोक करायला म्हणून कोणी वेगळं बसत नाही. बसायला वेळच नाही. आप्पांच्या तेराव्याला आई मधेच उठून गॅसवरचं दूध बघून आली होती. त्यावरून मावशी तिला बोलली. मला तो प्रसंग या पुस्तकात पन्नास वेळा भेटला.

कोणी वाचलंय का? विशेषतः ख्रिस्ती वाचकांना विचारायचंय. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), पापाची कबुली, मृतांसाठी प्रार्थना याच्यावर पुस्तक उभं आहे आणि त्यातलं मला अर्धंच कळलं.

----

चिंचोका
मंगळवार, सकाळी ७.१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). अकराशे पानं म्हणजे पुढच्या दिवाळी अंकांपर्यंतची सोय झाली. पुढील लेखनास शुभेच्छा.

----

कडूकारलं
मंगळवार, सकाळी ९.०४

धागा छान, पण मला शंका आहे. 'ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी' म्हटलं की साचा ठरलेला. बाई चुकते, बाई भोगते, बाई गुडघ्यावर येते, खिडकीतून उजेड पडतो. आपल्याकडे मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) घ्या. विधवांची दुःखं खरी आहेत, कळवळ्याने मांडलीत, त्याबद्दल दंडवत. पण उत्तर पहिल्या पानापासून लेखकाच्या खिशात तयार. दुःख नुसतं गिऱ्हाईक बोलवायला.

नोबेलवाल्या बाईंनी हेच अकराशे पानांत केलं असेल तर मी आंबा खात बसतो. आणि आधी माणसाला अपराधी वाटायला लावायचं, मग क्षमा विकायची, हा धंदा सगळ्याच धर्मांत चालतो. हलके घ्या.

----

ओसरी
मंगळवार, दुपारी १.३०

@कडूकारलं, आंबा खा, पण हे ऐका. उत्तर तिच्या खिशात तयार नव्हतं. उंडसेट कॅथलिक झाली १ नोव्हेंबर १९२४ ला, म्हणजे तिसरा भाग छापून दोन वर्षं झाल्यावर. वाढली धर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या घरात, आणि देश लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट. तिथे कॅथलिक होणं म्हणजे लोकांच्या भुवया वर. म्हणजे पुस्तक लिहितालिहिता ती स्वतःच वाट शोधत होती असं मला वाटतं. निदान उपदेशकाच्या ओट्यावर उभी नव्हती.

आणि बाई काही मठातून आलेली नाही. वडील पुरातत्त्वज्ञ, ती ११ वर्षांची असताना गेले. पुढे दहा वर्षं एका कंपनीच्या ऑफिसात सेक्रेटरीचं काम. एका चित्रकाराशी लग्न, ते टिकलं नाही. १९१९ मध्ये तिसऱ्या खेपेला गरोदर असताना मुलं घेऊन लिलेहामरला राहायला गेली. मधली मुलगी जन्मापासून आजारी, मतिमंद. या सगळ्यात ही तीन पुस्तकं.

पुढचं वाचून तर मी पुस्तक मिटून बसले. मुलगी १९३९ ला गेली. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं आणि थोरला मुलगा अँडर्स लढताना मारला गेला. ती धाकट्या मुलाला घेऊन स्वीडन, रशिया, जपान अशी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून अमेरिकेत पोचली. पोटची मुलं गमावणाऱ्या बाईची कादंबरी आधी लिहून झाली होती, भोगायचं नंतर आलं.

----

भुंगा
मंगळवार, दुपारी ३.४८

मी वाचलंय! कॉलेजात असताना, तेही फक्त एरलेंडसाठी. आता चाळिशीत परत वाचलं तर त्याला चपलेने मारावंसं वाटलं. राजाविरुद्धच्या कटाचं पत्र जो माणूस दुसऱ्याच बाईच्या घरी सांडून येतो, त्याच्यामुळे सात पोरांचं घर, जमीन सगळं जातं. सात!

टीम सिमोन. त्याचं दुःख कोणी मोजत नाही. ठरलेली मुलगी सोडतो, पुढे तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करतो, आयुष्यभर तोंडातून चकार शब्द नाही. मरताना हाताची जखम चिघळलीय, ताप आहे, आणि तरी क्रिस्तीनला सांगतो की नवऱ्याशी समेट कर.

सिमोनच्या मुलाच्या आजारपणाचा प्रसंग आठवतो का कोणाला? पोरगं हातचं जायला आलंय, प्रार्थना झाल्या, औषधं झाली, आणि क्रिस्तीन रात्री एकटी स्मशानात जाते. कबरीवरचं गवताचं ढेकूळ कापून आणते आणि मुलाच्या अंगावर ठेवते. चर्चला चालणार नाही असला जुना तोडगा. पोरगं वाचतं. आणि ती नंतर त्या भीतीत जगते. ख्रिस्ती कादंबरी म्हणताना हेही ध्यानात ठेवा मंडळी. दृष्ट काढणाऱ्या आज्या सगळीकडे सारख्याच.

----

व्यवस्थापक
मंगळवार, सायं. ४.१०

शेवट फोडायचा असेल तर प्रतिसादाच्या सुरुवातीला 'रसभंग' लिहावे ही विनंती.

----

सुकेळी
मंगळवार, रात्री १०.२२

मी वसईची, कॅथलिक. ओसरी, तुझ्या प्रश्नाला जमेल तसं उत्तर देते. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, जे घरात बघितलं ते सांगते.

कबुली, आमच्याकडे आजी त्याला 'कुमसार' म्हणायची. लोकांना वाटतं पाप सांगितलं, फादरने माफ केलं, संपलं. तसं नसतं. माफी मिळते, पण प्रायश्चित्त तुझ्या वाट्याला उरतंच. काच फुटली, आईने माफ केलं, तरी काचा तूच भरायच्या. क्रिस्तीन पहिलं मूल झाल्यावर तान्ह्याला पाठीला बांधून अनवाणी निदारोसला (आजचं त्रोनहाइम) जाते आणि तो लग्नातला सोन्याचा मुकुट संत ओलाफच्या समाधीला वाहून टाकते, ते हे. क्षमा मागायला जाते आणि काचा भरायलाही. @कडूकारलं, धंदा असता तर पहिल्याच भागात हिशेब मिटला असता. तिचा तिसऱ्या भागापर्यंत मिटत नाही. बापाला दुखावलं हे तिच्या डोक्यातून जातच नाही.

आता मेलेल्यांची गोष्ट. आम्ही मेलेल्या माणसासाठी मिस्सा ठेवतो, कारण आमची समजूत अशी की तो कुठेतरी वाटेत आहे आणि आपली प्रार्थना त्याला पोचते. २ नोव्हेंबरला आमची सगळी सिमेटरी फुलांनी भरते. आदल्या दिवसापर्यंत गवत काढायचं, दगड धुवायचा, झेंडू-शेवंती लावायची आणि अंधार पडायच्या वेळी मेणबत्त्या. वारा असतो, मेणबत्ती विझते, शेजारच्या कबरीवरून परत पेटवून घ्यायची. लहानपणी आम्हाला ती जत्राच वाटायची.

पप्पा गेल्यावर मम्मीने महिन्याची मिस्सा ठेवली. ज्यांच्यासाठी मिस्सा असते त्यांची नावं वाचतात, आणि त्या दिवशी वाचणाऱ्याने पप्पांचं आडनावच चुकवलं. मम्मी पहिल्या बाकावर. मला वाटलं आता रडणार. तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. बाहेर आल्यावर म्हणाली, "आयुष्यभर रेशनच्या दुकानात चुकवलं, आता देवाकडं पण चुकवलं." पप्पा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तिथे.

----

नगरी_नग
बुधवार, सकाळी ८.४०

मी नगरकडचा, प्रोटेस्टंट, आजोबा पाळक. सुकेळीताईंचा प्रतिसाद वाचून माझं जुनं दुखणं वर आलं.

आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मेलेला माणूस देवाच्या हाती, आपलं काम मागे राहिलेल्यांचं सांत्वन करण्याचं. मयतीला रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी म्हणायची, वचन वाचायचं, घरी यायचं. यात एक स्वच्छपणा आहे, मी तो नाकारत नाही. पण आई गेली तेव्हा मला तिच्यासाठी 'काहीतरी करायचं' होतं आणि करायला काहीच नव्हतं. हिंदू मित्र पिंडदान करून आला, कॅथलिक शेजारी मिस्सा ठेवून आले, मी आपला रिकाम्या हाताने गच्चीत उभा. त्यामुळे ही कादंबरी मी जवळजवळ मत्सराने वाचली.

अवांतर: ओलाफची जी समाधी क्रिस्तीन बघते ती आता नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली आणि त्याच्या अवशेषांची पेटी गेली. म्हणजे आमच्याच लोकांनी घालवली.

----

उत्तररात्र
बुधवार, दुपारी २.०५

त्रोनहाइमहून लिहितोय, म्हणजे साक्षात निदारोसहून. कामानिमित्त सहा वर्षं इथे.

आधी मास्तरकी. उंडसेट नाही, 'उन्सेत'. मधला ड गिळायचा. योरुंडगार्डही 'योरुनगोर'च्या जवळ जातं. क्रिस्तीनच्या थोरल्या मुलाला इंग्रजी वाचक नाक्वे म्हणतात, तो नोक्वे. (माझं नाव ऑफिसात सहा वर्षं कोणी धड घेतलेलं नाही, त्यामुळे हा सूड समजा.)

कॅथीड्रल ओलाफच्या थडग्याच्या जागी उभं आहे. राजा ओलाफ १०३० साली स्तिक्लेस्टाडच्या लढाईत पडला. त्याचा सण २९ जुलै. त्या दिवसांत पाठीवर पिशव्या घेतलेले यात्रेकरू चालत येताना दिसतात. ऑस्लोपासून गुडब्रान्सदालमार्गे येणारी वाट सुमारे ६४० किलोमीटरची आहे आणि क्रिस्तीनच्या गावावरून, सेलवरून जाते. तिथे १९९५ च्या सिनेमासाठी (दिग्दर्शन लिव उलमान) उभा केलेला मध्ययुगीन वाडा अजून आहे, बघायला जाता येतं. काळ्या लाकडाची घरं, छतावर गवत. आत शिरलं की धुराचा आणि डांबराचा वास.

शहराच्या बाहेर एक टेकाड आहे, नाव फेगिन्सब्रेक्का, म्हणजे आनंदाची चढण. जुन्या काळी यात्रेकरूंना तिथून पहिल्यांदा चर्च दिसायचं आणि ते गुडघ्यावर बसायचे. क्रिस्तीनही तान्ह्याला घेऊन तिथे थांबते. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा आमच्या आजोबांचा वेळापूरचा धावा आठवला. तुकोबांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात ना. आजोबा सत्तरीतही त्या उतारावर पळायचे, धोतर सावरत.

आणि प्लेग. इथे त्याला 'स्वार्तेदाउदेन' म्हणतात, काळा मृत्यू. १३४९ मध्ये आला आणि अर्धा देश, कदाचित त्याहून जास्त, घेऊन गेला. लोककथेत तो म्हातारीच्या रूपात येतो. नाव पेस्ता. तिच्या हातात दाताळं असेल तर गावातले काही जण दातांमधून निसटतात. झाडू असेल तर कोणी नाही. थेओडोर कित्तेलसेन या चित्रकाराने ती काढलीय, जिना चढून वर बघणारी. ते चित्र रात्री बघू नका. डिसेंबरात इथे दहाला उजाडतं, अडीचला मावळतं, आणि मी ते पहिल्याच हिवाळ्यात बघितलं होतं.

----

भुंगा
बुधवार, दुपारी २.३०

बघितलं. झोप उडवलीत. धन्यवाद नाही.

----

जुना_पेन्शनर
बुधवार, सायं. ६.१५

मी पुस्तक वाचलेलं नाही, वाचेन असंही नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. पण प्लेगचा विषय निघाला म्हणून. शेवट कोणीतरी सांगून टाका. माझ्या वयात रसभंगाची भीती नसते.

----

ओसरी
बुधवार, रात्री ११.२०

रसभंग. ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचा प्रतिसाद बघा.

काका, सांगते. क्रिस्तीनची माणसं एकेक करून जातात. सिमोन जातो. एरलेंडशी भांडण होऊन तो डोंगरात वेगळा राहायला लागतो. ती जाऊन भेटते, मूल होतं, आणि ती त्या बाळाचं नाव एरलेंडच ठेवते. जिवंत माणसाचं नाव मुलाला ठेवायचं नाही ही त्यांच्यात रीत. ती मोडते, सगळे चपापतात, आणि बाळ जगत नाही. मग गावात बभ्रा, की मूल नवऱ्याचं नाहीच. एरलेंड तिच्यासाठी धावत येतो आणि झटापटीत मारला जातो. शेंडेफळ मुनान तापाने जातो. उरलेली मोठी होऊन पांगतात, घरात सून येते. क्रिस्तीनला आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी असल्यासारखं होतं (सासवांनी हा भाग वाचावा, सुनांनीही). मग ती पुन्हा चालत निघते आणि राइन नावाच्या मठात जाऊन राहते.

तिथे प्लेग येतो. घाबरलेले लोक एका रात्री स्मशानात जमतात. प्लेग थांबावा म्हणून एका गरीब बाईच्या लहान मुलाला जिवंत पुरायचं ठरतं. मठातल्या बायका धावतात. क्रिस्तीन मुलाला सोडवते. त्याच्या आईचं काय, तर ती झोपडीत मरून पडलीय आणि कोणी हात लावायला तयार नाही. जमावातला एक जण क्रिस्तीनला डिवचतो, एवढा देव आहे ना तुमचा, मग आणा तिला. ती जाते. एरलेंडचा नातलग उल्फ बरोबर असतो. ते सडलेलं प्रेत ती उचलते, त्याला माती मिळते. आणि तिला रोग लागतो.

अंथरुणावर ती बोटातली अंगठी काढून देते, त्या बाईसाठी मिस्सा म्हणायला. लग्नाची अंगठी. घरदार गेलं, जमीन गेली, तेव्हाही न काढलेली. अंगठीवर मरियेच्या नावातला 'म' कोरलेला आहे, आणि अंगठी निघाल्यावर तिला बोटावर तो 'म' उमटलेला दिसतो. इतकी वर्षं घालून घालून कातडीत उतरलेला.

एवढंच. उजेड वगैरे पडत नाही. बाहेर बर्फ पडतो.

----

जुना_पेन्शनर
गुरुवार, सकाळी ६.३०

वाचून घेतलं नातवाकडून. आमच्या पुण्यात १८९७ साली सावित्रीबाई फुले अशाच गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक लेकाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. बाईंना लागण झाली. १० मार्च.

तुमच्या कादंबरीतल्या बाई कल्पनेतल्या आहेत. लेखिकेला कोणी सांगितलं असतं तर खूश झाली असती, की कल्पना नाही, असं करतात बायका.

----

सुकेळी
गुरुवार, सकाळी ७.०२

काका, अंगावर काटा आला.

----

नगरी_नग
गुरुवार, सकाळी ९.५५

त्या मिस्साबद्दल लिहितो. क्रिस्तीन ती अंगठी नवऱ्यासाठी देत नाही, मेलेल्या मुलांसाठी देत नाही. जिच्याशी काही नातं नाही अशा बाईसाठी देते. मी जिथे अडकलो होतो, मेलेल्यांसाठी करायचं काय, त्याचं उत्तर आमच्या पंथात मिस्सा नाही, पण अनोळखी बाईचं प्रेत तरी आहे. ते कोणीही उचलू शकतं. आई गेल्यावर वर्षभराने मी बेवारस प्रेतांचे अंत्यविधी करणाऱ्या मंडळींबरोबर जायला लागलो. तेव्हा पुस्तक वाचलेलं नव्हतं. संबंध आत्ता लागतोय.

----

ओसरी
गुरुवार, रात्री १२.१०

@नगरी_नग, यावर काय लिहू कळत नाहीये. म्हणून माझं सांगते, जे पहिल्या पोस्टमध्ये टाळलं होतं.

आप्पा गेले तेव्हा वॉर्डमधल्या माणसाने त्यांचं घड्याळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी स्टेपल केली आणि माझ्या हातात दिली, सही घेतली. आप्पांनी ते घड्याळ निवृत्तीनंतरही कधी काढलं नव्हतं. आंघोळीलासुद्धा नाही, त्यावरून आई रोज ओरडायची. मनगटावर पांढरा पट्टा होता, मधे गोल, पट्ट्याच्या काडीची खूणसुद्धा. बाकी हात काळा, शेतकऱ्याचा. मी तेवढंच बघत बसले. नंतर कोणालाही सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की लोक म्हणतात, तसले विचार करू नकोस.

मग मार्चमधल्या एका रात्री, दोनच्या सुमाराला, ते पान आलं. 'म' उमटलेलं बोट. शांत वाटलं का? हो, वाटलं. पण मैत्रिणीने सांगितलं होतं त्या अर्थाने नाही. त्या पट्ट्याकडे बघण्यात वेडेपणा काही नव्हता, एवढं कळलं. कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी लिलेहामरमध्ये बसून तेच बघितलं होतं.

घड्याळ चालू आहे. सात मिनिटं पुढे, आप्पांनी लावून ठेवल्याप्रमाणे, एस.टी. चुकू नये म्हणून.

----

चिंचोका
शुक्रवार, सकाळी ८.००

वाखूसा काढून खरंच विकत घेतोय. मराठीत अनुवाद कोणीतरी करायला हवा. 'बोहल्यावर उभी राहते' वगैरे वाचून वाटलं ओसरीनेच करावा.

----

ओसरी
शुक्रवार, सकाळी ८.२५

वेड लागलंय का. अकराशे पानं!

(पहिलं प्रकरण करून बघितलंय. गवत कापणीचे आणि गोठ्याचे शब्द आईला विचारून घेतले. आईला मजा आली.)

----

कडूकारलं
शनिवार, रात्री १.१५

आंबे संपले म्हणून वाचायला घेतलं. पहिल्या भागाचा जुना इंग्रजी अनुवाद मिळाला, आर्चर आणि स्कॉट यांचा, १९२३ चा. भाषा मुद्दाम जुनाट केलेली, आपल्या बखरीसारखी. दोन पानांनंतर सवय होते.

गिऱ्हाईक, धंदा वगैरे जे लिहिलं ते तूर्तास मागे घेतो. पूर्ण नाही, तूर्तास.

ओंडके घसरतात तिथे थांबलोय. आमच्या घरातही एक धाकटी बहीण होती. त्याबद्दल घरात कधी कोणी बोललेलं नाही. आईचं तोंड राग्नफ्रीदसारखंच असायचं आणि आम्हाला वाटायचं ती रागीट आहे. पुस्तक पालथं ठेवून गच्चीत जाऊन आलो.

एकच विचारायचंय. ही बाई पुढे कधी बोलते का?

----

ओसरी
शनिवार, रात्री १.२१

बोलते. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी, नवऱ्याशी, लग्नघर झोपल्यावर. काय बोलते ते मी सांगणार नाही. सावकाश वाचा, त्या ओंडक्यांच्या पानावर मी आठ दिवस होते.